दानपेटीच्या पुढचा हिशेब

देवाच्या पैशाचा हिशेब मागायचा नसतो, असं मला चर्चमधल्या अनेकांनी आजवर सांगितलं आहे. सांगणारी माणसं वाईट नव्हती. त्यातली काही तर माझ्याहून कितीतरी अधिक प्रार्थना करणारी, गरजवंताच्या दारात न बोलावता जाणारी. त्यांचं म्हणणं साधं असतं: आपण देवाला दिलं, आता ते देव बघून घेईल. मला या श्रद्धेबद्दल आदर आहे. पण दिलेला पैसा देवाच्या हाती जाण्याआधी माणसांच्या हातांतून जातो, त्या हातांचं काय, हा प्रश्न या उत्तराने सुटत नाही.

उपासनेत जमलेलं दान, म्हणजे दानार्पण, मोजण्याच्या टेबलाशी जे बसले आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. उपासना संपते, शेवटचं गीत होतं, लोक बाहेर बोलत उभे असतात आणि आत दोघंजण दार लोटून थैल्या रिकाम्या करतात. दोघं म्हणजे दोघंच हवेत, एकट्याने मोजायचं नाही आणि ते दोघं एकाच घरातले नकोत. चुरगळलेल्या नोटा तळहाताने सपाट करायच्या, नाण्यांचे ढीग लावायचे. पाकिटावर लिहिलेली रक्कम आणि आतली रक्कम जुळते का ते बघायचं, नाही जुळली तर तिसऱ्याला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा मोजायचं. कुणी नाव न घालता फक्त ‘आजारातून उठवल्याबद्दल’ एवढंच लिहिलेलं असतं. कुणा म्हातारीने पाकीट इतक्या घड्या घालून दिलेलं असतं की ते उलगडायलाच वेळ लागतो. मग वहीत आकड्यात आणि अक्षरात रक्कम लिहायची. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी दोघांनीही सही करायची. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, या खोलीत येत नाहीत. त्यांच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. पद्धतच अशी आहे आणि ती पाळकांनाही जपते.

या टेबलाशी बसताना कुणालाच अपमान वाटत नाही. एवढ्याशा रकमेसाठी माझ्यासोबत दुसरा कशाला, असं कुणी विचारत नाही.

पण हाच पैसा बँकेत जातो, त्यातला ठरलेला वाटा वरच्या कार्यालयाकडे जातो, तिथून आणखी वर जातो, आणि जसजसा वर चढतो तसतशा सह्या कमी होत जातात. शंभर ठिकाणचा पैसा एकत्र आलेला असतो आणि त्याचा वृत्तान्त मात्र एका पानावर मावतो. ‘प्रवास व सभा’. ‘मालमत्ता देखभाल’. ‘कायदेशीर खर्च’. ‘संकीर्ण’. आमच्या वहीत मेणबत्त्यांच्या खर्चालाही स्वतंत्र ओळ आणि पावती लागते. वर गेल्यावर एका इमारतीचा व्यवहार एका शब्दात आटोपतो. मला टोचतं ते हे. मोजण्याचा नियम खाली चोख आणि वर सैल. खरं तर रक्कम वाढली की डोळे वाढायला हवेत.

एका वार्षिक सभेतला प्रसंग सांगतो. अहवाल वाचून झाला, ‘कुणाला काही विचारायचं आहे का’ असं विचारलं गेलं, आणि एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. हातात अहवालाचं पान, त्यावर पेन्सिलने एक ओळ अधोरेखित केलेली. त्यांनी विचारलं, की गेल्या वर्षी इमारतीसाठी म्हणून वेगळं दान गोळा केलं होतं, ते या पानावर कुठे दिसत नाही, ते कुठल्या खात्यात आहे? आवाज अगदी मऊ होता. व्यासपीठावरून उत्तर आलं, “बाई, सगळं ऑडिट झालेलं आहे. तुमचा आपल्या पुढाऱ्यांवर विश्वास नाही का?” सभागृहात चुळबुळ झाली. बाई म्हणाल्या, “विश्वास आहे म्हणूनच दिलं होतं. ते कुठे आहे एवढंच विचारते.” त्यावर वेळ फार झाल्याचं सांगण्यात आलं आणि प्रार्थनेने सभा संपवण्यात आली. डोळे मिटून प्रार्थना करताना उभ्या असलेल्या बाई खाली बसल्या का, हे मला दिसलं नाही. पण प्रार्थनेचा उपयोग प्रश्न मिटवायला होताना मी त्या दिवशी पाहिला आणि ते मला सहन झालं नाही.

असे प्रश्न विचारणाऱ्याला एक वचन हमखास ऐकवतात: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. अभिषिक्त म्हणजे देवाने निवडलेले. हे वचन बायबलमधल्या स्तोत्र १०५ मध्ये आहे. तिथे बोलणं चाललं आहे ते मूठभर, परक्या देशातून त्या देशात भटकणाऱ्या, बळ नसलेल्या लोकांविषयी, आणि धमकावलं आहे ते त्यांना छळू शकणाऱ्या राजांना. दुर्बळांच्या रक्षणासाठीचं हे वचन खुर्चीवरच्या माणसाने सभासदाविरुद्ध वापरावं, हे मला शास्त्राशी सरळ वागणं वाटत नाही.

शास्त्रात पैशाचा हिशेब नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाचा अध्याय १२ सावकाश वाचावा. योआश राजाच्या काळात यरुशलेमचं मंदिर मोडकळीला आलं होतं. दुरुस्तीसाठी पैसा येत होता, तो याजक, म्हणजे मंदिरातले पुरोहित, घेत होते, दुरुस्ती त्यांनीच करायची होती. राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी भिंती तशाच. राजाने मुख्य याजक यहोयादाला आणि इतर याजकांना बोलावून विचारलं, की दुरुस्ती का होत नाही? हा प्रश्न शास्त्राने बंडखोरी म्हणून नोंदवलेला नाही. पुढे जे घडलं ते तर मला फार आवडतं. यहोयादाने स्वतः एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे यायचे, मोजायचे आणि थैल्यांत बांधायचे. दोन वेगळ्या सत्तांची दोन माणसं, एका टेबलाशी. तिथून पैसा कामावरच्या मुकादमांकडे आणि त्यांच्याकडून सुतार, गवंडी, पाथरवटांकडे जायचा.

याच अध्यायात एक ओळ आहे, जी मी व्यासपीठावरून ऐकली आहे: त्या माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत. ही ओळ ऐकवून सभासदांना गप्प केलं जातं. पण ती कुणाबद्दल आहे? कामावर उभ्या असलेल्या मुकादमांबद्दल. मुख्य याजकाबद्दल नव्हे. त्याची मोजणी तर दुसऱ्या माणसासमोर होत होती. आणि मुकादमांवरचा विश्वाससुद्धा मोजणी झाल्यानंतरचा, डोळ्यांसमोर भिंत उभी राहत असतानाचा. म्हणजे वर मोजणी आणि खाली भरवसा. आपण याच्या बरोबर उलट करून ठेवलं आहे.

बंदिवासातून परतणाऱ्या यहुद्यांचा पुढारी एज्रा, त्याचं उदाहरण याहून धारदार आहे. बाबेलहून यरुशलेमला निघताना त्याच्याजवळ ६५० किक्कार (किक्कार हे जुनं वजनाचं माप) रुपं, म्हणजे चांदी, आणि १०० किक्कार सोनं होतं, शिवाय पात्रं. वाट जवळपास चार महिन्यांची, लुटारूंची. पारसच्या राजाकडे सैनिक मागायची त्याला लाज वाटली, कारण आमचा देव आम्हाला सांभाळतो असं तो राजाला सांगून बसला होता. म्हणून उपास केला, प्रार्थना केली आणि शिपायांविना निघाला. इतका विश्वास! पण निघण्याआधी याच माणसाने बारा प्रमुख याजकांना वेगळं काढलं आणि सगळं रुपं-सोनं त्यांना तोलून दिलं. यरुशलेमला पोचल्यावर चौथ्या दिवशी मंदिरात ते पुन्हा तोललं गेलं, दोन याजक आणि मंदिराचे सेवक असलेले दोन लेवी हजर होते, आणि नग व वजन सगळं लिहून ठेवलं गेलं. लुटारूंच्या बाबतीत देवावर विसंबणाऱ्या एज्राने आपल्याच याजकांच्या बाबतीत तराजू बाजूला ठेवला नाही. त्याला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही, मग आपल्याला का दिसावा?

आणि येशूचा प्रेषित पौल. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून, म्हणजे स्थानिक चर्चमधून, वर्गणी जमवली. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? पण करिंथ शहरातल्या मंडळीला त्याने लिहिलं, की तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांच्या हाती मी दान पाठवीन, माझंही जाणं योग्य ठरलं तर ते माझ्यासोबत येतील. दुसऱ्या पत्रात तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी एका बंधूला पाठवतो आणि मुद्दाम सांगतो, की या माणसाला मंडळ्यांनी निवडलं आहे. कारणही देतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कुणी बोट दाखवू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीने चांगलं ते माणसांच्याही दृष्टीने चांगलं असावं. ‘देवाला माहीत आहे’ एवढ्यावर पौल थांबला नाही. कुणी विचारायच्या आधीच त्याने साक्षीदार नेमले, आणि तेही स्वतःच्या मर्जीतले नव्हेत.

अशी सोय नसली की काय होतं, याचे दाखले पाहायला फार मागे जावं लागत नाही. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चमध्ये २००३ साली एका सभासदाने जाहीर शंका घेतली, की चर्चचा पैसा पाळकांच्या पत्नीच्या गायनाच्या कारकिर्दीकडे वळतो आहे. झालं उलटंच. त्यालाच वर्तमानपत्रांतून माफी मागावी लागली. २०१५ मध्ये न्यायालयाने संस्थापक पाळक काँग ही यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवलं. सुमारे ५ कोटी सिंगापूर डॉलरचा तो गैरव्यवहार होता आणि त्यात लोकांनी इमारतीसाठी दिलेला पैसा होता. काँग ही यांची आठ वर्षांची शिक्षा पुढे अपिलात साडेतीन वर्षांवर आली. आरोपींनी पैसा स्वतःच्या खिशात घातला नव्हता, हेही न्यायालयात मान्य झालं. पण देणाऱ्याने इमारतीसाठी दिलं होतं. त्याला न विचारता हेतू बदलणं हीच त्याची फसवणूक. मला मात्र या सगळ्यात राहून राहून आठवतो तो २००३ चा सभासद. त्याचं तेव्हाच ऐकलं असतं तर ते सहा जणही वाचले असते.

सगळीकडे चोरीच असते असं नाही, आणि हे आपण सभासदांनी नीट समजून घ्यायला हवं. इंग्लंडच्या चर्चचा मध्यवर्ती निधी सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कर्ज काढून जमीन-इमारतींच्या धंद्यात पैसा घातला. बाजार कोसळला. निधीची किंमत सुमारे ८० कोटी पौंडांनी घसरली आणि हे लोकांपुढे आलं ते १९९२ मध्ये एका वर्तमानपत्रामुळे. कुणी दमडी चोरली नव्हती. निर्णय थोड्या लोकांनी घेतले, त्यांना कुणी अडवून विचारलं नाही, एवढंच. पुढे १९९८ पासून पाळकांच्या नव्या सेवाकाळाच्या निवृत्तिवेतनाचा भार स्थानिक मंडळ्यांवर आणि धर्मप्रांतांवर, म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतल्या विभागांवर, आला. वरच्यांच्या धाडसाची किंमत खालच्या दानाच्या थैलीने मोजली.

जर्मनीतल्या लिंबुर्गमध्ये बिशपांच्या निवासस्थानाचा आणि त्याभोवतीच्या इमारतींचा खर्च आधी सांगितलेल्या ५५ लाख युरोवरून ३ कोटी १० लाखांवर गेला. पैसा आला होता बिशपपदाच्या एका स्वतंत्र निधीतून, ज्याचा ताळेबंद लोकांसमोर येत नसे. सभासदांनी आवाज उठवला, मार्च २०१४ मध्ये बिशपांचा राजीनामा स्वीकारला गेला. त्यानंतर जे झालं ते अधिक महत्त्वाचं आहे: तिथल्या धर्मप्रांतांनी एकेक करून आपली मालमत्ता जाहीर करायला सुरुवात केली. कोलोनने २०१५ मध्ये सांगितलं, आमच्याकडे ३३५ कोटी युरो आहेत. आकडा छापला म्हणून लोकांची श्रद्धा उडाली का? जी माणसं गेली ती लपवाछपवीला आणि अन्यायाला कंटाळून गेली. ताळेबंद वाचून कुणी उपासना सोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तरीही ही भीती खोलवर बसलेली आहे. अमेरिकेतल्या लॅटर-डे सेंट्स चर्चने १९५९ नंतर आपल्या खर्चाचा तपशीलवार अहवाल सभासदांना देणं बंद केलं. सभासद मात्र उत्पन्नाचा दशमांश, म्हणजे दहावा भाग, देत राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या रोखे नियामकाने जाहीर केलं, की चर्चच्या गुंतवणूक संस्थेने तेरा कागदी कंपन्यांच्या नावाने आपली शेअरमधली गुंतवणूक वर्षानुवर्षं विखुरलेली दाखवली. २०१८ पर्यंत ती सुमारे ३,२०० कोटी डॉलरची झाली होती. खरा आकडा कळला तर त्याचे वाईट परिणाम होतील अशी चर्चला काळजी होती, असं नियामकाचं म्हणणं. एकूण ५० लाख डॉलर दंड भरला गेला. चुकांबद्दल खेद वाटतो आणि विषय आमच्या लेखी संपला, असं चर्चने म्हटलं. मी त्या पंथाचा नाही, त्यांच्या शिकवणीबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. पण दशमांश बाजूला काढण्यासाठी घरातल्या गरजा मागे ठेवणाऱ्या कुटुंबाला, आपल्या चर्चजवळ किती आहे हे सरकारी दंडाच्या बातमीतून कळावं, याचं मला त्या कुटुंबाच्या वतीने वाईट वाटतं.

अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी कर खात्याकडे एक विवरण भरावं लागतं. त्यात वरच्या पदाधिकाऱ्यांचे पगारही असतात आणि ते कुणालाही पाहता येतं. चर्चना यातून सूट आहे. म्हणून तिथले सभासद म्हणतात, कायदा मागत नाही तरी तुम्ही स्वतःहून तेवढं दाखवा. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल कौन्सिल फॉर फायनान्शियल अकाउंटॅबिलिटी या संस्थेचं सभासदत्व घेणारे हेच मान्य करतात: विश्वस्तांत बहुसंख्य स्वतंत्र माणसं हवीत आणि मागणाऱ्याला ताळेबंद द्यायचा. सक्ती नसताना दाखवणं हीच खरी साक्ष, असं मला वाटतं.

आता ‘ऑडिट झालेलं आहे’ या उत्तराबद्दल. ऑडिट हवंच. पण ऑडिटर काय बघतो? नोंदी नियमानुसार आहेत का, नमुन्यादाखल काढलेल्या पावत्या जुळतात का, ताळेबंद एकंदरीत खरं चित्र दाखवतो का. गावाकडच्या पाळकाचा पगार थकलेला असताना परदेश दौरा करावा का, हे तो सांगत नाही. जमीन भाड्याने दिली ती योग्य भाड्याने का, भाडेकरू समितीतल्या कुणाचा नातेवाईक आहे का, हे त्याला मुद्दाम विचारलं तरच पुढे येण्याची शक्यता. आणि बहुतेक वेळा महत्त्वाचं असतं ते ताळेबंदाला जोडलेल्या टिपांमध्ये. नेमकी तीच पानं सभासदांपर्यंत पोचत नाहीत. म्हणून ‘ऑडिट झालं का’ यापेक्षा ‘ऑडिट अहवाल टिपांसकट पाहायला मिळेल का’ असं विचारावं.

आमच्यातले काही तरुण म्हणतात, हिशेब मिळेपर्यंत देणंच बंद करू. त्यांचा राग मला समजतो. पण दान थांबलं की वरच्या कार्यालयाच्या गाड्या शेवटी थांबतात. आधी थांबतो तो आपल्याच पाळकाचा पगार, मुलांच्या वसतिगृहाची मदत, विधवांचा निधी. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा आपण दानाच्या प्रत्येक आवाहनात ऐकतो. तिच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल, म्हणजे धर्मशास्त्राच्या शिक्षकांबद्दल, बोलतो, ते त्याच उपदेशात क्वचित येतं. तिने टोल्या दिल्या हे मोठंच, पण त्या ज्यांच्या हाती पडल्या त्यांच्याविषयी येशू गप्प राहिला नव्हता. म्हणून माझं मत असं आहे, की द्यायचं आणि विचारायचं. जमेल तिथे हेतू लिहून द्यायचं, पाकिटावर आणि पावतीवरही, म्हणजे तो पैसा दुसरीकडे वळवताना कुणालातरी लेखी कारण द्यावं लागेल.

पुढारी म्हणून बसलेल्या सगळ्यांना मी एका मापाने मोजत नाही. त्यातले काही स्वतःच अस्वस्थ असतात. एका माजी खजिनदारांनी मला सांगितलं, की बैठकीत सही करायला कागद यायचे तेव्हा आधीच्या सगळ्यांच्या सह्या झालेल्या असायच्या, आणि ‘थांबा, वाचतो’ म्हणणं हे भावांच्या समोर त्यांच्यावर आरोप केल्यासारखं वाटायचं. वाचण्यासाठी आठवडाभर आधी कागद मिळण्याचा नियम असता तर त्यांना ते धैर्य गोळा करावं लागलं नसतं. खुल्या हिशेबाचा फायदा सर्वांत आधी प्रामाणिक पदाधिकाऱ्याला होतो. आज त्याच्याजवळ स्वतःच्या शब्दापलीकडे दाखवायला काही नसतं, आणि अफवा उठली की चांगल्या-वाईट सगळ्यांवर सारखीच चिकटते.

यंदाच्या वार्षिक सभेसाठी आम्ही काही सभासदांनी मुदतीच्या आत लेखी विषय दिला आहे. मागणं मोठं नाही. ऑडिट अहवाल टिपांसकट सभेच्या पुरेसा आधी प्रत्येक मंडळीच्या फलकावर लागावा. विशिष्ट हेतूने दिलेल्या दानाचं वेगळं पान असावं: किती आलं, किती खर्च झालं, किती शिल्लक आहे. जमीन किंवा इमारत विकण्या-भाड्याने देण्याआधी सभेची मंजुरी घ्यावी आणि घेणाऱ्याशी कुणाचं नातं असेल तर ते आधी सांगावं. हिशेब तपासणाऱ्या समितीत पगारी पदाधिकारी नसावेत. आणि प्रश्न विचारणाऱ्या कर्मचाऱ्याची त्यामुळे बदली होऊ नये. अर्जाची पोच शिक्क्यासह मिळाली आहे. विषयपत्रिका अजून यायची आहे. त्यात हा विषय नसला तर त्या निवृत्त शिक्षिका तो सभेत मांडणार आहेत, आणि या वेळी अनुमोदन द्यायला उभे राहणाऱ्यांची नावं आम्ही आधीच लिहून घेतली आहेत.